फ्लोराइडचा फिल्टर दर महिन्याला फेल होतोय? मीडिया बदलायच्या आधी हे बघा

"भाऊ, पुन्हा दीडच्या वर गेलं ना जी. मीडिया बदलून पंधरा दिवस नाही झाले." हा फोन मला वर्षातून दहा-बारा वेळा तरी येतो. गाव बदलतं, आवाज बदलतो, वाक्य तेच. मी यवतमाळ जिल्ह्यात केळापूर आणि आजूबाजूच्या तालुक्यांत फ्लोराइड फिल्टरची कामं करतो. हापशीला किंवा बोअरच्या लाइनला जोडलेली ती उभी गोल टाकी असते ना, आत पांढरे जाड रव्यासारखे दाणे, तेच. त्या दाण्यांना ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना म्हणतात, सगळे नुसतं मीडिया म्हणतात. आणि फिल्टर फेल झाला की पहिला बळी त्या मीडियाचाच जातो. जुना काढून खड्ड्यात, नवीन पोती आणा, बिल ग्रामपंचायतीवर, आणि महिन्याभरात परत तोच फोन. मी स्वतः सुरुवातीची दोन वर्षं हेच केलंय म्हणून सांगतो, बहुतेक वेळा मीडिया बिचारा ठीक असतो, घोळ बाहेर असतो.

आधी लक्षणं बघा, कारण नेमकं कधी बिघडतंय यावरच अर्धं उत्तर मिळतं.

फिल्टरचं पाणी आणि बोअरचं कच्चं पाणी, दोन्हीचं रीडिंग जवळपास सारखंच येतंय. सकाळी पहिल्या बादलीचं रीडिंग मस्त, संध्याकाळी गर्दीच्या वेळी खराब. टीसीएल (पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर) टाकलं की त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रीडिंग एकदम उडी मारतं, मग आपोआप खाली येतं. रीजनरेशन (मीडिया रसायनांनी धुऊन परत कामाला लावणं) केल्यावर पहिल्याच दिवसापासून खराब, वर पाणी हाताला गुळगुळीत लागतंय. सुरुवातीला ०.३-०.४, मग हळूहळू ०.८, १.१, १.६ असं चढत जातं. धार बारीक झालीय, टाकीत पाणी तुंबतंय. नाहीतर पाण्यात पांढरट गढूळपणा. यातलं तुमचं कोणतं ते ठरवा आणि मग खाली या. सगळं एकदम दिसत असेल तर वरपासून क्रमाने करा, पहिल्या चार गोष्टींना चहाच्या पैशांपेक्षा जास्त खर्च नाही.

आकड्यांचं एक सांगून ठेवतो. आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत हवं आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं. म्हणून सगळे "दीड" म्हणतात. पण दीड ही शेवटची हद्द आहे, फिल्टर नीट असेल तर तो एकच्या बराच खाली द्यायला पाहिजे.

आणि टाकीच्या आत काय चालतं ते दोन मिनिटं समजून घ्या, नाहीतर पुढच्या तपासण्या नुसत्या पाठ केल्यासारख्या होतील. फ्लोराइड पाण्यात विरघळलेलं असतं, गाळ नाही की कपड्यातून गाळून काढला. ॲल्युमिनाचा प्रत्येक दाणा आतून स्पंजसारखा सच्छिद्र असतो, एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग दोनशे चौरस मीटरच्या वर जातो. या पृष्ठभागावर ॲल्युमिनियमला चिकटलेले हायड्रॉक्सिल असतात, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. फ्लोराइडचा आकार जवळजवळ त्या जोडीएवढाच, आणि ॲल्युमिनियमशी त्याचं फार जमतं, म्हणून तो तिला उठवून तिच्या जागी बसतो. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसा प्रकार. पण त्यासाठी तीन गोष्टी लागतात: गाडी स्टँडवर थोडा वेळ थांबली पाहिजे, सीटवर आधीच कोणी ठाण मांडून बसलेलं नको, आणि शेवटी सीटा किती तेवढेच लोक बसणार. वेळ, पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी ते) आणि क्षमता. बाकी सगळं याच तिघांच्या आसपास फिरतं.

पहिलं, किटवर संशय घ्या

हे फुकट आहे आणि सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं. फील्ड किटमध्ये रंगाचं औषध असतं, फ्लोराइड जसं वाढेल तसा लाल-गुलाबी रंग फिका होत जातो किंवा पिवळ्याकडे सरकतो. आता टीसीएलमधलं क्लोरीन काय करतं? रंगच उडवतं. म्हणजे फ्लोराइड आहे तेवढंच, पण रंग उडाला म्हणून किट जास्त दाखवतं. एका गावात दर सोमवारी फिल्टर फेल व्हायचा. अक्षरशः दर सोमवारी, वहीत तसं लिहिलेलं होतं. जलसुरक्षक रविवारी संध्याकाळी टाकीत टीसीएल टाकायचा आणि सोमवारी सकाळी सँपल घ्यायचा. तीन पोती मीडिया बदलला होता त्या गावाने या सोमवारपायी. म्हणून सँपल क्लोरीन पडायच्या आधीच्या तोटीतून घ्या, म्हणजे फिल्टरच्या थेट आउटलेटवरून, वरच्या टाकीतून नाही.

किट चांगलं आहे का हे बघायची माझी पद्धत साधी आहे. गॅरेजमधून बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर आणा, त्याचं रीडिंग घ्या. ते शून्याच्या आसपास यायला पाहिजे. बॅटरीचं पाणीच १ दाखवत असेल तर किट फेकून द्या, फिल्टरला हात लावू नका. आमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री असते आणि किट असतं ग्रामपंचायतीच्या खिडकीत उन्हात, मग औषध कशाला टिकतंय. एक्सपायरी पण बघा, दोन वर्षं जुनं किट वापरणारे मी बघितलेत. आणि सँपल प्लास्टिकच्या बाटलीत घ्या, काचेच्या नको.

उलटी गडबड पण होते, ती जास्त वाईट. फिल्टरमधून ॲल्युमिनियम विरघळून बाहेर येत असेल तर ते फ्लोराइडला धरून ठेवतं आणि किट कमी दाखवतं. म्हणजे वहीत सगळं हिरवंगार आणि लोक पितायत दोनचं पाणी. त्यासाठी दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी सँपल जिल्ह्याच्या लॅबला द्या, तिथे इलेक्ट्रोडवर तपासतात आणि त्याआधी पाण्यात एक द्रावण घालतात जे ॲल्युमिनियमच्या तावडीतून फ्लोराइड सोडवतं. त्या रीडिंगवर विश्वास ठेवायचा.

मग सँपलची वेळ

रात्रभर पाणी मीडियात उभं राहिलेलं असतं, म्हणून सकाळच्या पहिल्या बादलीचं रीडिंग नेहमीच सुंदर येतं. ते खोटं नाही, पण कामाचंही नाही. गर्दीच्या वेळी, अर्धा तास नळ चालल्यावर सँपल घ्या. लोक जे पाणी घरी नेतात तेच तपासायचं ना.

बायपासचा व्हॉल

प्रत्येक फिल्टरला एक बायपास असतो, म्हणजे फिल्टर बंद असला तर कच्चं पाणी सरळ पुढे जावं म्हणून. हा व्हॉल अर्धवट उघडा राहतो, किंवा आतलं रबर गेलं की बंद करूनही गळतो. बाहेरून काही कळत नाही. हिशोब बघा: कच्चं पाणी ४, फिल्टर देतोय ०.४. यात फक्त चौथा हिस्सा कच्चं पाणी मिसळलं तर बाहेर १.३ येतं, तिसरा हिस्सा मिसळलं तर १.६. म्हणजे फिल्टर शंभर टक्के नीट काम करतोय आणि तुम्ही फेल!

तपासायचं असं, फिल्टरचा इनलेट आणि आउटलेट दोन्ही व्हॉल बंद करा, बायपास पण बंद, आणि पुढचा नळ उघडा. पाइपात राहिलेलं पाणी गेलं की धार थांबायला पाहिजे. दोन-तीन मिनिटांनीही बारीक धार चालूच असेल तर बायपास गळतोय. नवीन व्हॉल काही शे रुपयांत येतो, गावातला प्लंबर अर्ध्या तासात बसवतो. आणि एकदा तो बंद केला की हँडल काढून ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवा, हे गमतीने नाही सांगत. हँडल असलं की कोणीतरी फिरवतोच.

बादली आणि घड्याळ

आता माझी आवडती तपासणी. पंधरा लिटरची बादली घ्या, नळ लोक नेहमी उघडतात तेवढाच उघडा, आणि मोबाइलवर सेकंद मोजा.

समजा तुमच्या टाकीत १०० लिटर मीडिया आहे. पाण्याला त्यातून जायला साधारण दहा मिनिटं मिळाली तर उत्तम, पाचच्या खाली नको. दहा मिनिटं म्हणजे मिनिटाला १० लिटर, म्हणजे बादली भरायला ९० सेकंद. पाच मिनिटं म्हणजे ४५ सेकंद. तुमची बादली ४५ सेकंदांच्या आत भरत असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, रोग सापडला. तुमच्या टाकीत मीडिया कमी-जास्त असेल तर त्याच प्रमाणात हिशोब करा.

कारण काय, तर फ्लोराइडला नुसतं दाण्यावर आदळून भागत नाही, त्याला दाण्याच्या आतल्या बारीक छिद्रांत शिरावं लागतं, बहुतेक जागा तिथेच आहेत. ते काम सावकाशीचं आहे. पाणी पळालं की फक्त बाहेरच्या जागा वापरल्या जातात, आतला माल कोरा राहतो आणि आपण म्हणतो मीडिया संपला.

मागच्या उन्हाळ्यात एका गावात मी बादली लावली तर २५ सेकंद. म्हणजे मिनिटाला ३६ लिटर, पाण्याला जेमतेम पावणेतीन मिनिटं. वॉटरमनला विचारलं व्हॉल एवढा का उघडला, तर तो रांगेकडे बोट दाखवून म्हणे, "बायका माह्या जीवावर येते ना भाऊ, नव्वद सेकंद कोण थांबते?" त्याचं पण बरोबर आहे. चाळीस गुंड (पाण्याची भांडी) रांगेत, वर ऊन, आणि मी तिथे उभा राहून त्याला डिफ्युजन शिकवणार का.

यावर उपाय व्हॉल आवळणं हा नाहीच, तो दुसऱ्या दिवशी परत उघडला जातो. उपाय म्हणजे फिल्टरनंतर एक २००० लिटरची काळी टाकी. फिल्टर आपला मिनिटाला १० लिटरने निवांत चालू दे, सव्वातीन-साडेतीन तासांत टाकी भरते, आणि लोक टाकीच्या नळातून हवं तेवढ्या जोरात भरतात. त्या गावात एवढंच केलं, मीडिया बदलला नाही, फक्त रीजनरेशन करून घेतलं आणि तोच मीडिया अजून चालू आहे.

झाकण उघडा, काठी घाला

टाकीचं झाकण उघडून स्वच्छ काठीने मीडियाची उंची मोजा आणि बसवताना किती होती त्याच्याशी ताडून बघा. बॅकवॉश, म्हणजे खालून वर उलटं पाणी सोडून मीडिया धुणं, जोरात केला की हलके दाणे पाण्याबरोबर निघून जातात, कोणाला कळत पण नाही. एका ठिकाणी अर्धी टाकी रिकामी होती आणि मागच्या नालीत पांढरा रवा सांडलेला, कोंबड्या टोचत होत्या.

उलट बॅकवॉश केलाच नाही तर दाणे एकमेकांना धरून ढेकूळ होतं, वर लोखंडाचा तांबूस थर बसतो. मग पाणी सगळ्या मीडियातून न जाता कडेने किंवा मधल्या भेगेतून वाट काढतं. धार बारीक आणि रीडिंगही खराब, अशी दोन्ही लक्षणं एकत्र असतील तर हेच. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं, नालीचं पाणी स्वच्छ होईपर्यंत बॅकवॉश, आणि नालीच्या तोंडाशी जुनी साडी बांधून बघा दाणे येतायत का. येत असतील तर जोर कमी करा. वरचा थर कडक झाला असेल तर लाकडी काठीने हलवून मोकळा करा, लोखंडी गज घालू नका, खालची जाळी फाटली तर काम वाढेल.

पीएचची पट्टी

शंभर पट्ट्यांचं पाकीट शाळेच्या सायन्सच्या सरांकडे पण मिळतं. कच्च्या पाण्याचा पीएच बघा आणि फिल्टरनंतरचा बघा.

आपल्या फ्लोराइडवाल्या बोअरच्या पाण्याची एक गंमत असते. त्यात कॅल्शियम कमी आणि सोडियम बायकार्बोनेट जास्त. कॅल्शियम असतं तर त्याने फ्लोराइडला धरून खाली बसवलं असतं, ते नाही म्हणूनच तर फ्लोराइड खडकातून सुटून पाण्यात राहतं. त्यामुळे हे पाणी चवीला गोडं, साबणाला फेस भरपूर, डाळ पटकन शिजते. लोक म्हणतात एवढं चांगलं पाणी आणि तुम्ही त्याला वाईट म्हणता, मंग पोट्ट्यायचे दात काहून पिवळे पडले ते पण त्यायलेच विचारा. असं पाणी ८ च्या वर पीएचचं असतं, आणि ॲल्युमिनाला आवडतं साडेपाच-सहा. पीएच कमी असला की दाण्याच्या पृष्ठभागावर पॉझिटिव्ह चार्ज येतो आणि निगेटिव्ह फ्लोराइड त्याकडे ओढलं जातं. साडेआठ-नऊच्या पुढे तो चार्ज गेला, वर हायड्रॉक्सिलची गर्दी, बायकार्बोनेट पण तिथेच घुटमळणार. फ्लोराइडला जागाच नाही.

कच्च्या पाण्याचा पीएच आपण गावात रोज ॲसिड टाकून खाली आणू शकत नाही, आणि आणूही नये. तिथे फक्त एवढं समजायचं की तुमच्या पाण्यात क्षमता कमीच मिळणार. पण रीजनरेशननंतरचा पीएच मात्र शंभर टक्के आपल्या हातात आहे, आणि माझ्या अनुभवात "रीजनरेशन करूनही पहिल्या दिवसापासून फेल" याचं कारण जवळजवळ नेहमी हेच.

रीजनरेशन दोन टप्प्यांचं असतं. आधी कॉस्टिक सोड्याचं एक टक्क्याच्या आसपासचं द्रावण सोडायचं, ते सीटवर बसलेल्या फ्लोराइडला उठवतं. पण उठवून तिथे स्वतःचे हायड्रॉक्सिल बसवतं आणि सगळा मीडिया अल्कधर्मी करून ठेवतं. म्हणून मग पाण्याने धुऊन पातळ सल्फ्युरिक ॲसिड सोडून तो परत ताळ्यावर आणायचा, आउटलेटचा पीएच साडेआठच्या खाली येईपर्यंत. हा दुसरा टप्पा लोक खातात. घाई असते, ॲसिडची भीती असते, कधी ॲसिड आणलेलंच नसतं.

एका गावात मी पोचलो तर फिल्टरजवळच्या घरातली मावशी कौतुकाने सांगत होती की परवा धुतल्यापासून पाणी अजूनच छान झालं, डाळ तर काय दोन शिट्ट्यांत! मी नळाखाली हात धरला, बोटं एकमेकांवर साबण लावल्यासारखी सरकत होती. पट्टी गडद निळी, दहाच्या आसपास. मागे बघितलं तर ॲसिडचा कॅन सीलबंद. आधी सगळ्यांना सांगितलं की हे पाणी पिऊ नका, दुसऱ्या विहिरीचं आणा. दुपारभर बसून न्यूट्रलाइज केलं, भरपूर पाण्याने धुतलं, आणि संध्याकाळी तोच मीडिया ०.६ देत होता. आदल्या दिवशी ग्रामपंचायतीत नवीन मीडियाचा ठराव झाला होता, तो मग रद्द झाला.

हिशोब करा, कदाचित काही बिघडलंच नाहीये

वरचं सगळं ठीक आणि रीडिंग हळूहळू चढतंय, तर कागद घ्या. १०० लिटर मीडिया म्हणजे साधारण ८० किलो. आपल्यासारख्या ८ च्या वर पीएचच्या पाण्यात एक किलो मीडिया एका खेपेला एक-दोन ग्रॅम फ्लोराइड धरतो, मधलं दीड धरू. ८० गुणिले दीड, १२० ग्रॅम. कच्चं पाणी ४ आणि आपल्याला १ हवंय, म्हणजे लिटरमागे ३ मिलिग्रॅम काढायचंय. १२० ग्रॅम भागिले ३ मिलिग्रॅम, ४० हजार लिटर. आता शंभर घरं, घरी २० लिटर, रोजचे २००० लिटर. वीस दिवस.

वीस दिवस! म्हणजे "दर महिन्याला फेल" हा बिघाड नाहीच, त्या टाकीचं तेवढंच आयुष्य आहे प्रत्येक खेपेला. हे बसवणाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं, कोणी सांगत नाही. सांगितलं तर टाकी मोठी घ्यावी लागते ना.

या पाण्यात लोक कपडे धूत असतील, ढोरं पाजत असतील तर वीसचे दहा दिवस होतात. म्हणून फिल्टरचा नळ फक्त पिण्याला आणि स्वयंपाकाला, बाकीला कच्च्या पाण्याचा वेगळा नळ. हे पटवायला तांत्रिक काही लागत नाही, बचत गटातल्या दोन खमक्या बायका लागतात. आणि प्रत्येक रीजनरेशनला क्षमता थोडी थोडी कमी होतच जाते, म्हणून दिवस मोजून वहीत लिहा: वीस, एकोणीस, अठरा असं उतरत जाईल ते चालेल. वीसवरून एकदम आठवर आलं तर काहीतरी वेगळं घडलंय.

ते वेगळं म्हणजे बऱ्याचदा कच्चं पाणीच बदललेलं असतं. उन्हाळ्यात बोअर खोल केला, नवीन मोटर खाली सोडली, किंवा दुसरा बोअर त्याच लाइनला जोडला. खोलवरच्या पाण्याचा दगडाशी संबंध जास्त काळ आलेला असतो. कच्च्या पाण्याचं रीडिंग वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर आणि मे महिन्यात, घ्यायलाच पाहिजे. आमच्याकडे बऱ्याच गावांत उथळ विहिरीचं पाणी बोअरपेक्षा फ्लोराइडने हलकं निघतं, तशी विहीर गावात असेल तर तपासून घ्या. तिथलं पाणी निर्जंतुक करून प्यायला वापरणं हे या सगळ्या उपद्व्यापापेक्षा स्वस्त पडतं.

मध्येच एक, कारण विचारतातच. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट वाफ गेली की उरलेल्यात ते घट्ट होतं. कँडलचा फिल्टर, यूव्ही, कोळशाचा फिल्टर यांचा इथे उपयोग नाही, कोळसा वास आणि क्लोरीन चांगलं ओढतो पण फ्लोराइडशी त्याचं फारसं जमत नाही. माठात तुरटी फिरवूनही होत नाही. तुरटीने फ्लोराइड निघतं हे खरं आहे, नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने त्यावरच नलगोंडा पद्धत काढली, पण त्यात चुना आणि तुरटी पाण्याच्या अल्कलिनिटीप्रमाणे मोजून घालतात आणि तुरटी बरीच लागते, अंदाजपंचे नाही. आरओने निघतं, पण वाया जाणारं पाणी कुठे सोडायचं हा नवीन प्रश्न आणतो.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

रीजनरेशन स्वतः करू नका. यूट्यूबवर बघून तर अजिबात नको. कॉस्टिक आणि सल्फ्युरिक ॲसिड दोन्ही डोळ्यांत गेलं तर डोळा जातो. पाण्यात ॲसिड हळूहळू घालतात, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. कॉस्टिक ॲल्युमिनियमच्या गुंडात किंवा बादलीत कालवलं तर भांडं खाऊन त्यातून हायड्रोजन निघतो, तो पेट घेतो. हे सगळं माहीत असलेला, गॉगल-हातमोजेवाला माणूसच तिथे हवा.

शिवाय रीजनरेशनचं निघालेलं पाणी म्हणजे महिन्याभराचं फ्लोराइड एकवटलेलं. ते नाल्यात किंवा बोअरच्या बाजूच्या खड्ड्यात सोडलं तर ज्याच्यासाठी फिल्टर लावला तेच परत जमिनीत घातलं. बोलावलेला माणूस ते ड्रममध्ये धरून, कॅल्शियम घालून गाळ खाली बसवणार आहे का आणि तो गाळ कुठे नेणार हे आधी विचारा. "बघू, सोडून देऊ" म्हणाला तर दुसरा माणूस शोधा.

याशिवाय या वेळी पण थांबायचं: नीट न्यूट्रलाइज करून सलग दोन रीजनरेशननंतरही रीडिंग दीडच्या खाली येत नाही, आता मात्र खरंच मीडिया संपलाय. लॅबच्या रिपोर्टमध्ये ॲल्युमिनियम लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या वर. पाणी सतत पांढरट. फिल्टरनंतरचा पीएच साडेआठच्या वर आणि धुऊनही उतरत नाही. टाकीचं पोट फुगलंय किंवा वेल्डिंग झिरपतंय. यातलं काहीही असेल तर फिल्टर बंद करा, नळावर चिंधी बांधा आणि तोवर दुसऱ्या स्रोताचं पाणी. कोणाला कंबर, गुडघे, मान आखडल्याचा त्रास असेल तर तो फिल्टरवाल्याचा विषय नाही, डॉक्टरकडे पाठवा आणि कच्च्या पाण्याचा रिपोर्ट बरोबर द्या. मोठ्या मुलांच्या दातांवर उमटलेले डाग फिल्टर लावून जात नाहीत, घराघरांत ही अपेक्षा असते म्हणून लिहितोय.

आणि मला किंवा कोणालाही फोन कराल तेव्हा "फिल्टर फेल" एवढंच सांगू नका. कच्च्या पाण्याचं रीडिंग, गर्दीच्या वेळचं आउटलेटचं रीडिंग, बादलीचे सेकंद, दोन्हीकडचा पीएच, शेवटचं रीजनरेशन कोणत्या तारखेला आणि त्यात ॲसिडचा कॅन उघडला होता का. हे हातात असलं की निम्म्या वेळा मला यायची गरजच पडत नाही, फोनवरच काम होतं आणि माझा पेट्रोलचा खर्च वाचतो.